न वापरलेलं नाव

आज सकाळी परसातल्या झाडाचे पहिले रातांबे उतरवले. टोपली खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उपडी केली आणि सुरी घेऊन बसले. फळ मधोमध कापायचं, आतल्या बिया बोटानं काढून एका पातेल्यात टाकायच्या, सालं दुसऱ्यात. दहा-बारा फळं झाली की बोटं लाल, टोपली संपली की मनगटं लाल. पुढचा महिनाभर हा रंग नखांच्या कडांतून जात नाही. कोणाच्या लग्नाला गेलं तर हात पदराखाली ठेवावे लागतात, आणि बघावं तर समोरच्या बाईचेही हात पदराखालीच असतात.

पिकल्या रातांब्याचा वास आंबट असतो, पण त्या आंबटात कुठेतरी खोल गोडपणाही असतो. तो वास आला की मला पाच वर्षांपूर्वीचा मे महिना आठवतो. रातांबे दरवर्षी येतात, त्यांच्या सालांची सोलं, म्हणजे आमसुलं, दरवर्षी वाळतात, पण बाकीची वर्षं एकमेकांत मिसळून गेली आहेत. तो एक मे तेवढा वेगळा राहिला. त्या महिन्यात आमच्या घरात एक नाव आलं होतं, आणि माझ्यामुळे ते आल्या पावली परत जाणार होतं.

मानसी माझी सून. ती दोडामार्गची, केळीच्या बागेत वाढलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण त्या वर्षी तिच्या आईची कंबर धरली होती. तिलाच कोणीतरी उठवून बसवावं लागत होतं, ती लेकीचं काय करणार? म्हणून मानसी आमच्याकडेच राहिली. माझा मुलगा नीलेश देवबागला पर्यटकांची होडी चालवतो. मे महिना म्हणजे त्याच्या धंद्याची धांदल. सकाळी जायचा तो संध्याकाळी अंगावर मीठ वाळवून परत यायचा. दिवसभर घरात मानसी बाळंतिणीच्या खोलीत, मी खळ्यात सोलं वाळवत, आणि आमच्या मध्ये एक खिडकी. खळ्यात बायका जमल्या की आमच्या गजाली तिला ऐकू जायच्या. ती फोनवर बोलली की मला ऐकू यायचं.

मी बोलण्यात पहिल्यापासून मागे. चार माणसं जमली की माझं तोंड उघडत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. लिहायला मात्र आवडतं, कारण लिहिताना कोणी तोंडाकडे बघत नाही.

एप्रिल सरता सरता मुलगी झाली. भटजींनी पत्रिका बघून 'त' अक्षर सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या खळ्यात रातांब्यांबरोबर नावांचीही चिरफाड सुरू झाली. शेजारच्या शालूवैनी माझ्या मदतीला यायच्या. नात्यानं माझ्या जाऊबाई, वयानं मोठ्या, आणि बोलण्यात मी जेवढी मागे तेवढ्या त्या पुढे.

"त वरसून ना? तृप्ती ठेव," त्या म्हणाल्या. मुली पुरे, आता मुलगा दे, असं देवाला सांगणारं नाव. "म्हणजे फुडला तरी झील होतला."

"वैनी, पयलाच चेडू गो ता. आत्ताच कसली तृप्ती?" मी हळूच म्हटलं.

"मगे तनिष्का ठेवा. आमच्या झिलान चेडवाचा नाव कायरा ठेवल्यान."

"कायरा म्हणजे काय?"

"माका काय ठावक! मोबाईलात बघल्यान. लय बरो अर्थ आसा म्हणता." शालूवैनींनी एक बी पातेल्यात उडवली. "अर्थ मोबाईलातच रवलो, नाव तेवढा घराक इला."

खिडकीतून मानसीचं हसू ऐकू आलं.

मला मात्र हे ऐकताना कुतूहल वाटत राहिलं. नाव ठेवणाऱ्याच्या मनात एक असतं, ऐकणाऱ्याच्या कानात दुसरंच पोचतं. माझ्या भावाचं नाव धोंडू. त्याच्या आधीची दोन मुलं राहिली नव्हती. तिसऱ्याच्या वेळी आईनं दगडाचं नाव ठेवलं, म्हणजे हे मूल कोणाला नेण्याजोगं वाटू नये. आमच्या गावात ते नाव ऐकून कोणी हसत नसे. नाव ऐकलं की आधीची दोन गेली असणार, हे बायकांना न सांगता कळायचं, आणि त्या त्याच्या डोक्यावरून जरा जास्त हात फिरवायच्या. पुढे तो मुंबईला नोकरीला लागला आणि तिथे त्याच नावाला लोक हसले. आता त्याच्या दारावरच्या पाटीवर नुसतं 'डी.' आहे. आईला ते कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्याच नावान जगलो तो." तिनं जे मागितलं होतं ते तिला मिळालं होतं. पाटीवर काय लिहायचं ते त्याचं तो बघेल.

आणि माझं स्वतःचं नाव? माहेरी मी मंजुळा. लग्नात ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीनं त्यावर दुसरं नाव लिहिलं आणि भटजींनी ते मोठ्यानं वाचलं, सुलोचना. मला वाटलं दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय. मी मान वर करून बघितलं सुद्धा, कोण आहे ही. मग कोणाचा तरी हात ताटाला लागला, तांदूळ सरकले, आणि ती अक्षरं पुन्हा नुसते तांदूळ झाली. मानसीनं मात्र लग्नात नाव बदललं नाही. "माका माझा नाव आवडता," एवढंच तिनं सांगितलं आणि कोणी काही बोललं नाही. असं सांगता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

बारशाच्या तीन दिवस आधी नीलेश दुपारचाच घरी आला. वारा सुटल्यामुळे होड्या बंद होत्या. दोघं नवरा-बायको मोबाईल घेऊन बसली. मी खिडकीखाली सोलं उलटत होते. नावं एकेक करून गळत होती. हे फार लांब, हे शेजाऱ्यांकडे आहे, ह्याला मुलं चिडवतील. मग मानसी म्हणाली, "तारा."

"तारा?" नीलेश म्हणाला.

"दोनच अक्षरां. गोंयात म्हणा, मुंबैत म्हणा, खंयय कोण चुकूचो नाय."

पडवीत हे पान लावत बसले होते. ते एकदम उठून दाराशी आले. "अरे, ह्यां तर माज्या आवशीचा नाव!"

"खरां काय? माका म्हायतच नाय," नीलेश म्हणाला. त्याची आजी गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. त्याच्यासाठी ती भिंतीवरचा फोटो होती, आणि फोटोखाली नाव नव्हतं.

"बराच झाला मगे," मानसी म्हणाली. "आजयेचा नाव परत घरात येतला."

सगळ्यांना आनंद झाला. हे तर लगेच पाळण्यात वाकून "काय गे आये, इलंस परत?" म्हणाले. मी खिडकीखाली होते तिथेच होते. माझ्या हातातलं सोल हातातच राहिलं.

ते माझ्या सासूचं नाव. आणि ते मी आयुष्यात एकदाही उच्चारलं नव्हतं.

आमच्या वेळी सुनेनं सासू-सासऱ्यांचं नाव घ्यायचं नसे. नवऱ्याचंही नाही. कोणी बसवून शिकवलं नव्हतं, बाकीच्या घेत नसत म्हणून आपणही घ्यायचं नाही, एवढंच. आणि नुसतं नाव टाळून भागत नसे, त्याच्या जवळपास जाणारे शब्दही टाळावे लागत. मी आकाशातल्यांना चांदण्याच म्हटलं. कपडे वाळत घालायच्या तारेला दोरी म्हटलं. सगळ्यात पंचाईत तारली मासळीची. पावसाळा संपला की ती टोपल्या भरभरून येते आणि आमच्या घरी ती सगळ्यांच्या आवडीची. मी मासळीवालीच्या टोपलीकडे बोट दाखवून म्हणायचे, "ती बारकी दी."

"खंयची बारकी?"

"ती गो. चकचकता ती."

"सगळीच चकचकतत. नाव घे, मगे देतंय!" मासळीवाली मुद्दाम म्हणायची, आणि रांगेतल्या बायका हसायच्या. मी लाल व्हायचे आणि बोट तसंच धरून उभी राहायचे. शेवटी ती वाटा घालायची आणि वर दोन जास्त टाकायची. लाजल्याबद्दल.

हे सगळं मला कधी जड गेलं असं नाही. सवयीचं झालं होतं. सासूबाई जाऊनही पंचवीसेक वर्षं झाली होती. आता तो शब्द पाळण्यात झोपणार होता.

बारशाला घर भरलं. माझी मुलगी आत्या म्हणून आली होती. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहिल्या, आधी कापडात गुंडाळलेला वरवंटा खालून-वरून फिरला, मग बाळ फिरलं. आत्यानं कानात नाव सांगितलं, पाठीवर धपाधप हात पडले, सगळं रीतसर झालं. मी घुगऱ्या वाटत होते. खालच्या वाडीतली एक म्हातारी जरा उशिरा आली आणि माझा हात धरून, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं विचारलं, "नातीचा नाव काय ठेवलास गो?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मानसी पाळण्याशी बसली होती, तिनंही मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता. मी सांगणार म्हणून ती वाट बघत होती.

"सुनेक विचार," मी म्हटलं आणि घुगऱ्यांची पाटी घेऊन आत गेले.

आत जाता जाता मला कळलं की आपलं काहीतरी चुकलं. पण ते सुधारायचं कसं ते कळेना. मागून शालूवैनी त्या म्हातारीला नाव सांगत होत्या, आणि ती म्हणत होती, "तारा? ह्या काय गो म्हातारेचा नाव! ल्हान चेडवाक?"

नंतरच्या दिवसांत मी बाळाला बाय म्हणायला लागले. न्हाऊ घालताना बाय, धुरी देताना बाय. "बाय उठली", "बायेक भूक लागली". मला वाटलं कोणाच्या ध्यानात येणार नाही. पण बाळंतिणीला दिवसभर दुसरं काय असतं, ती ऐकतच असते. मानसी माझ्याशी आधीसारखीच बोलायची, फक्त जरा कमी. मी खोलीत गेले की ती बाळाला नावानं हाक मारायची थांबायची, हे मला फार उशिरा लक्षात आलं. एकमेकींना सांभाळून घेताना आम्ही दोघींनी मिळून ते नाव घरातून जवळजवळ घालवलंच होतं.

मग ती दुपार आली. रातांबे संपत आले होते. ढग दिसायला लागले होते आणि मी रोजच्यासारखी सोलं मिठाच्या रसात बुडवून पुन्हा उन्हात पसरत होते. नीलेश जेवायला आला होता. जन्मदाखल्यावर मुलीच्या नावाची जागा मोकळी होती, तो कागद भरून दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत द्यायचा होता. खिडकीतून मानसीचा आवाज आला.

"तन्वी घाल."

"कित्याक? तारा ठरला ना?"

"आईंक नाय आवडूक."

"आयेन काय म्हटल्यान तुका?"

"म्हणूक कशाक होया? बारशाक सगळ्यांसमोर माझ्यार ढकलल्यानी. पंदरा दीस झाले, एकदा तरी तां नाव त्यांच्या तोंडातसून इला? शालूकाकी म्हणा होते, आजयेन तेंका लय सतावल्यान. तेंची तरी काय चूक? ज्या नावाचो तरास झालो, तां नाव रोज घरात कशाक होया? माका तेंका दुखवूचा नाय."

"तुका आवडता ना पण?"

"माझ्या आवडीचा काय घेवन बसलंस. घाल तन्वी."

तिचा आवाज रडका नव्हता. नीट विचार करून ठरवल्यासारखा होता, आणि म्हणूनच मला तो ऐकवेना. मी हातातलं पातेलं घेऊन विहिरीकडे गेले.

विहिरीशी कोणी नव्हतं. मी मुद्दाम तोंड उघडून बघितलं. पहिलं अक्षर आलं, दुसरं आलं नाही. पुन्हा बघितलं. तेच. मला स्वतःचंच नवल वाटलं. कशानं हे? सासूबाईंची भीती म्हणावी तर ती त्यांच्या हयातीतच गेली होती. राग म्हणावा तर तोही नव्हता. कडक होत्या. माझी सोलं चाखून "मीठ उणा" म्हणून सगळी पुन्हा रसात घालायला लावायच्या. पण त्यांनीच शिकवलं म्हणून आज माझ्या सोलांना लोक मागून नेतात. देवाधर्माचंही काही नव्हतं, नाव घेतलं तर काही वाईट होईल असं मला कधी वाटलं नाही. मग होतं तरी काय? इतकी वर्षं जिथं पाय ठेवला नाही तिथं वाटच उरत नाही, तसं काहीसं असेल. बंदी कोणाचीच नव्हती, पण रान वाढलेलं होतं.

तिथं उभी असताना मला डोळ्यांच्या दवाखान्यातली गोष्ट आठवली.

सासूबाईंच्या डोळ्यांत पडदा वाढला म्हणून मी त्यांना तालुक्याला घेऊन गेले होते. बाकावर दोघी बसलो. आतून माणूस नावं पुकारत होता. जरा वेळानं त्यानं पुकारलं, "ताराबाई!" सासूबाई शांत बसून होत्या. त्यानं पुन्हा पुकारलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला कळलं होतं, पण मी काय म्हणणार? 'तुमका बोलवतत' एवढं म्हणता आलं असतं, हे मला आज सुचतं. तेव्हा पुकारलेलं नाव त्यांचं आहे असं दाखवणंही नाव घेतल्यासारखं वाटलं. मी त्यांच्या कोपराला हात लावला. "काय गो?" त्या म्हणाल्या. मी हात मागे घेतला. तिसऱ्यांदा पुकारून त्यानं पुढचं नाव घेतलं.

दुपार झाली. बाकावर आम्ही दोघीच उरलो. तो माणूस बाहेर आला. "आजी, तुमचं नाव काय?"

सासूबाई जरा गोंधळल्या आणि म्हणाल्या, "आवडू."

ते त्यांचं माहेरचं नाव. मीही ते त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं.

"आवडू नावाचं कोणी नाही यादीत," तो म्हणाला. "तुम्ही सांगा हो, काय नाव यांचं?"

मी जमिनीकडे बघत राहिले. शेवटी त्यानं सासूबाईंच्या हातातला कागद ओढून वाचला आणि कपाळाला हात लावला. "अहो, सकाळपासून घसा फोडतोय मी!"

येताना एसटीत सासूबाई इतक्या हसल्या की पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. "चाळीस वर्सां ह्यां नाव घेवन फिरतंय," त्या म्हणाल्या, "पण आजपावत माका कोणी त्या नावान साद घालूकच नाय. माका काय ठावक, तो माकाच बोलवता!"

विहिरीशी मला ते हसणं ऐकू आलं, आणि त्यातली गोष्ट तेव्हा पहिल्यांदा नीट कळली. खरंच, कोण घालणार होतं त्यांना त्या नावानं साद? सासरे बायकोला नावानं हाक मारत नसत. मुलं आये म्हणायची. शेजारी काकी, वैनी. मी तर काहीच नाही. ताटातल्या तांदळावर लिहिलं तेवढंच, पुढे रेशनकार्डावर आणि मतदारांच्या यादीत. ते नाव त्यांनी घातलंच नव्हतं. पेटीत तळाशी घडी करून ठेवलेल्या लुगड्यासारखं ते तसंच राहिलं होतं, त्यांच्या अंगाचा वास सुद्धा त्याला लागलेला नव्हता. लोक म्हणत होते म्हातारीचं नाव, जुनं नाव. आणि ते तर कोरं होतं. मानसीनं पहिल्यांदा त्याची घडी मोडली होती, आणि मी ते पुन्हा पेटीत टाकायला लावत होते.

मी हात धुतले. लाल रंग गेला नाही. तशीच खोलीत गेले. नीलेश होडीवर परत गेला होता. मानसी पाळण्याची दोरी धरून बसली होती.

"मानसी, नाव बदलू नको," मी म्हटलं.

ती दचकली. "तुमी ऐकलात?"

"खिडकी उघडी होती."

"आई, माका राग नाय हां. खरांच. तुमका आवडत नाय तर कशाक उगीच? रोज साद घालूचा नाव ता."

"माका आवडता."

"मगे एकदा तरी घेतलात काय तां?"

तेव्हा मी सांगितलं. सुनांनी नाव न घेण्याचं, मासळीवालीचं, दवाखान्याचं, सगळं. एका दमात एवढं मी त्याआधी कोणाशी बोलले नसेन. मध्येच अडखळले, मध्येच पाळण्याकडे बघून बोलले. मानसी ऐकत होती. गोष्ट मासळीवालीशी आली तेव्हा तिनं तोंडाला पदर लावला, आणि दवाखान्याशी आली तेव्हा डोळ्यांना.

"आणि मी समाजलंय, आजयेन तुमका सतावल्यान म्हणान तुमका ता नावच नको."

"सतावल्यान थोडाफार. खंयची सासू सतावणा नाय?"

"मी काय बोललंय काय?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी अशा हसलो की बाळ दचकून उठलं.

तिनं बाळाला मांडीवर घेतलं. "मगे आता घेवा बघूया नाव. आता कोण बघता? घेवा."

मी तोंड उघडलं. बाळ माझ्याकडे बघत होतं. विहिरीशी झालं होतं तेच झालं. पहिल्या अक्षराच्या पुढे जाईना. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. एवढं सगळं सांगून झाल्यावर एवढंसं नाव येऊ नये?

"कागद खंय आसा?" मी विचारलं.

तिनं उशीखालून दाखल्याचा कागद काढला. नावाची जागा अजून मोकळीच होती. मी पेन मागून घेतलं आणि चौथीतल्या बाईंनी शिकवलं होतं तसं, काना सरळ, वरची रेघ सरळ, सावकाश लिहिलं. तारा. लिहून झाल्यावर बघितलं तर कागदाच्या कडेला माझ्या अंगठ्याचा लालसर डाग उठला होता.

मानसीनं कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचलं. माझ्याकडे बघून नाही, बाळाकडे बघून. मग म्हणाली, "अक्षर बरा आसा हां तुमचा."

तेव्हापासून पाच वर्षं झाली. मी बायच म्हणत आले. कोणी विचारलं तर मानसीच सांगते, "आई तिका बाय म्हणतत," आणि अशा आवाजात सांगते की पुढे कोणी विचारत नाही. नाव मात्र गावभर फिरतं. ते ज्याच्या त्याच्या कानात वेगळं वाजतं, आणि ते बघायला मला अजून मजा वाटते. खालच्या वाडीतली म्हातारी शेवटपर्यंत तिला "म्हातारे" म्हणूनच हाक मारत होती. देवबागला होडीत बसलेल्या एका पुण्याच्या बाईंनी नीलेशला विचारलं, हे इतकं नवीन पद्धतीचं नाव कोणी सुचवलं. हे तिला आये म्हणतात आणि तिच्याकडे खोटं रडून पेज मागतात. मला वाटतं, नाव एकच असलं तरी ते ऐकणारा प्रत्येक जण आपल्या मापाचं करून घेतो. पोरीला त्याचं काही नाही. तिला वाटतं, सगळ्यांना अशीच चार-पाच नावं असतात.

आज ती सुट्टीत कंटाळली होती. मी रातांबे कापत होते तिथे पाट टाकून बसली. थोड्या बिया मोजल्या, थोडं बोट चाखलं, मग म्हणाली, "आजी, शाळा शाळा खेळूया. तू बाई हो."

"माका काय येता शिकवूक?"

"शिकवूचा नाय गो. नुसती हजेरी घे. मी सांगतंय नावां, तू म्हण. सगळ्यांची हजर मी म्हणतंय."

मग ती एकेक नाव सांगायला लागली. मी म्हटलं, "आराध्या." ती बारीक आवाजात म्हणाली, "हजर बाई." मी म्हटलं, "अर्णव." ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हजर बाई." असं आठ-दहा पोरांचं झालं. एक पोरगा गैरहजर होता, त्याला गालगुंड झालंय असंही तिनं सांगितलं. मग ती थांबली. पाटावर पाठ ताठ केली, हाताची घडी घातली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"फुडचा नाव?" मी विचारलं.

"आता मी. माझा नाव तुका म्हायती आसा."

स्वयंपाकघरात मानसी भांडी लावत होती. तो आवाज चालूच होता, तिचं इकडे लक्ष नव्हतं. खळ्यात ऊन होतं. माझ्या एका हातात सुरी, दुसऱ्यात अर्धा रातांबा. पोर वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर कसलीच शंका नव्हती. बाई नाव घेणार आणि आपण हजर म्हणणार, एवढंच.

"तारा," मी म्हटलं.

"हजर बाई!"

बाकीच्यांसाठी म्हटलं होतं तसंच म्हणाली, जास्त नाही, कमी नाही. मी उगीचच जरा कान देऊन थांबले. आणखी कोणी ओ देतंय का बघत. कोणी दिली नाही. फणसावर कावळा ओरडला, तेवढंच. माझा आवाज मला थोडा उंच वाटला, बाकी काही वेगळं नव्हतं. दोन अक्षरं, आणि इतक्या वर्षांनी त्यांना वजनच नव्हतं.

"आता परत पयल्यापासून," ती म्हणाली.

मी हातातला रातांबा पातेल्यात टाकला. "तारा," मी म्हटलं.

"अशी नाय गो आजी! आधी आराध्या! माझा नाव पाठी आसा."

"तारा," मी पुन्हा म्हटलं.

"आजी!"

"बाई कोण आसा?" मी विचारलं. "मी ना? मगे गप बस आणि हजर म्हण."